आपण नक्की कुठले?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत मुले नीट जेवत नाहीत, अभ्यासाला बसत नाहीत, भावंडांशी भांडतात, अशा तक्रारी पुष्कळ असतात. त्यांची उत्तरे देणे फारसे अवघड नसते. छत्तीसगडमधील भिलाईहून एका भगिनीने पाठविलेले पत्र मात्र निराळे आहे. त्यांचे नाव न देता त्यातील मजकूर आपल्यापुढे ठेवावा आणि त्यावर थोडा मोकळेपणाने विचार करावा, असे आम्हांस वाटले. ज्या घरात दोन प्रांतांचे, दोन भाषांचे किंवा दोन चालीरीतींचे वारे एकाच वेळी वाहत असते, अशा प्रत्येक घराला त्यात आपले काही ना काही सापडेल.

या भगिनी मूळच्या अकोला जिल्ह्यातील एका मुसलमान शिक्षकाच्या कन्या. शिक्षण पदवीपर्यंत मराठीतून झाले. माहेरी आईशी बोलणे वऱ्हाडी वळणाच्या उर्दूत, शेजारणींशी वऱ्हाडीत आणि वाचन सारे मराठीत. लग्न होऊन त्या भिलाईला आल्या. सासरे १९६४ साली अमरावती जिल्ह्यातून पोलादाच्या कारखान्यात नोकरीस आले, रूळ तयार करणाऱ्या विभागात राबले आणि तेथूनच निवृत्त झाले. पती एका खासगी कारखान्यात आहेत. मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी नऊ वर्षांची. मुलगा शाळेत जाऊ लागला तेव्हा शिक्षिकेने, त्याची हिंदी ‘भेसळीची’ आहे, घरी त्याच्याशी शुद्ध बोलत जा, असे बजावले. त्या दिवसापासून आईने मुलांशी आपल्या बोलीत बोलणे सोडले.

आज मुलगा कामापुरते बोलतो. अकोल्याहून नानीचा फोन आला की मुलगी आतल्या खोलीत जाते; गेल्या सुट्टीत मामेभावंडांनी तिच्या तोंडच्या छत्तीसगडी शब्दांची थट्टा केली होती, शिवाय नानीचे निम्मे बोलणे तिला कळतच नाही. सासऱ्यांचा आग्रह असा की, मुलांना मौलवीसाहेबांकडे अधिक वेळ पाठवावे, नाहीतर ती हातची जातील. पतींचा आग्रह असा की, इंग्रजीखेरीज कशाचाच पुढे उपयोग नाही. त्यातच शाळेतल्या एका मुलाने खेळता खेळता या मुलाला विचारले, ‘तुम लोग असल में कहाँ के हो?’ घरी येऊन त्याने तोच प्रश्न आईला केला. आईने विषय बदलला. ‘मी त्याला काय सांगू?’ एवढे एकच वाक्य पत्राच्या शेवटी आहे.

हा प्रश्न भिलाईत विचारला जावा, यात थोडी गंमतच आहे. भिलाईच्या वसाहतीत पिढ्यान्‌पिढ्या तेथलेच असे म्हणता येणारे लोक थोडे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत रशिया यांच्यात या कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दुर्ग जिल्ह्यातील भातखाचरांच्या मुलखात पाहता पाहता एक नगर उभे राहिले. लोहखनिज राजहऱ्याच्या डोंगरांतून येऊ लागले आणि माणसे सगळ्या हिंदुस्थानातून. केरळ, आंध्र, पंजाब, बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश आणि आपला विदर्भ. क्वार्टर मिळे ते वेतनश्रेणीप्रमाणे. अर्जदाराची जात, भाषा किंवा धर्म पाहून नव्हे. त्यामुळे एका भिंतीपलीकडे मलयाळी कुटुंब, दुसऱ्या भिंतीपलीकडे पंजाबी आणि समोर बिहारी, असा शेजार अनेकांच्या वाट्याला आला. रशियन तज्ज्ञांची कुटुंबेही तेथे राहून गेली; ‘मैत्री बाग’ हे तेथील उद्यानाचे नाव त्या दिवसांची आठवण देते. ज्यांच्या शेतांवर हे सारे उभे राहिले, ते छत्तीसगडी शेतकरी मात्र या नव्या नगरात बरीच वर्षे काहीसे पाहुण्यासारखे वावरले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आणखी एक मौज पाहा. करार झाला त्या १९५५ साली भिलाई आणि अमरावती ही दोन्ही एकाच राज्यात होती आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला, छत्तीसगड नव्या मध्य प्रदेशात राहिले. पुढे १९६० साली महाराष्ट्र आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड अशी दोन राज्ये झाली. या मुलांचे आजोबा १९६४ साली ‘परप्रांतात’ आले असे घरात सांगितले जाते. पण आठच वर्षांपूर्वीपर्यंत तो प्रांत पर नव्हताच. माणसे जागची हलतात, तशा सीमाही हलतात. तेरा वर्षांच्या मुलाला हे नकाशावर दाखविले तर ते त्याला सहज कळेल आणि बहुधा आवडेलही.

कारखान्याचे क्वार्टर हे स्वतःचे घर नव्हे. निवृत्तीनंतर ते सोडावे लागते. पुढे काही लोकांना ते भाडेपट्ट्याने मिळाले, एवढेच. म्हणून भिलाईतील प्रत्येक बाहेरगावच्या घरात एकदा तरी हा प्रश्न उठलेला असतो की, गावी परत जायचे की येथेच जागा घेऊन घर बांधायचे? पुष्कळांनी येथेच घर बांधले. मुले शाळेत होती, नातवंडे झाली होती, गावच्या वाटण्या कधीच होऊन गेल्या होत्या. तरीही ‘आपले गाव’ म्हणून जे बोलले जाते ते दूरचेच गाव. मुले हे ऐकतात. ज्या गावात जन्मलो ते आपले नव्हे आणि जे आपले आहे तेथील भाषा आपल्याला येत नाही, असे त्यांच्या मनात हळूहळू बसत जाते. या पत्रातील मुलाचे मौन त्यातून आले असावे, असा आमचा तर्क आहे.

आता बोलीविषयी. ‘का?’ हा एकच शब्द घ्या. आई लहानपणी शेजारणीला विचारीत असे ‘काहून?’, तिची आई तिला विचारी ‘कायकू?’, भिलाईच्या गल्लीत मुले एकमेकांना विचारतात ‘काबर?’, आणि शाळेत विचारायचे ‘क्यों?’ मोठ्या माणसाला ही चार शब्दांची भेसळ वाटते. मुलाला ती चार दारे वाटतात आणि कोणत्या दाराशी कोण उभा आहे, हे ते फार लवकर ओळखते. दोन भाषांच्या घरातील लहान मुले समोरचा माणूस पाहून भाषा निवडतात, हे ज्यांनी अशी घरे पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे. मधूनमधून शब्दांची सरमिसळ होते. ती आजाराची खूण नव्हे.

एके काळी विद्वानांनाही हे मान्य नव्हते. दोन भाषा डोक्यात आल्या की मूल मंद होते, असे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुष्कळ ठिकाणी मानले जाई. १९६२ साली कॅनडातील मॉन्ट्रिअल येथे एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी फ्रेंच व इंग्रजी दोन्ही भाषा चांगल्या येणाऱ्या दहा वर्षांच्या मुलांची तुलना एकभाषी मुलांशी केली, तेव्हा दोन भाषांची मुले बुद्धीच्या कसोट्यांत सरस आढळली. पुढील संशोधकांनी ‘सरस’ या शब्दाला बऱ्याच मर्यादा घातल्या आणि ते योग्यच झाले. परंतु दोन भाषांमुळे बुद्धी खुंटते, ही जुनी समजूत मात्र पुन्हा उभी राहू शकली नाही. शिक्षिकेचा सल्ला चांगल्या हेतूचा असेल. तो ऐकणाऱ्या आईलाही आम्ही दोष देत नाही. शाळेच्या दारात उभी असलेली कोणती आई शिक्षकांचा शब्द मोडते? पण तो सल्ला चुकीचा होता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

त्यातून जे गमावले ते केवळ काही शब्द नव्हेत. या भगिनींना हिंदी उत्तम येते. परंतु एखादी भाषा उत्तम येणे वेगळे आणि त्या भाषेत आई होणे वेगळे. शिकलेल्या भाषेत हात धू, गृहपाठ कर, दिवा मालव, असे सांगता येते. रागावल्यावर एका शब्दात राग उतरवणे, तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवून काही पुटपुटणे, आपल्या लहानपणीची एखादी फजिती सांगून त्याला हसविणे, हे ज्या भाषेत आपल्याला कोणी रागावले आणि हसविले तिच्यातच जमते. अमेरिकेत लिली वाँग फिलमोर या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ साली निरनिराळ्या देशांतून आलेल्या कुटुंबांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. मुले फार लहान वयात इंग्रजी शाळेत गेली, त्यांनी घरची भाषा टाकली, आणि काही वर्षांनी आईबाप व मुले एका छपराखाली राहूनही एकमेकांशी मनातले बोलू शकेनाशी झाली, असे त्यांना अनेक घरांत आढळले. भाषा गेली तेव्हा तिच्याबरोबर आईबापांचा सल्ला, धाक आणि अनुभव मुलांपर्यंत पोहोचविणारी वाटही गेली. भिलाईच्या या घरात अजून तेवढे झालेले नाही. आईला हिंदी येते म्हणून वाट शिल्लक आहे. पण ती अरुंद झाली आहे.

आपल्याच माणसांचे एक दूरचे उदाहरण देतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतील कोकणी मुसलमान आगबोटीने दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनला जात राहिले. त्यांनी तेथे दुकाने थाटली, संसार केले. त्यांच्या नमाज-रोज्यांत खंड पडला नाही. घरात बोलली जाणारी कोकणी मात्र पिढीगणिक ओसरत गेली आणि तिची जागा इंग्रजीने घेतली. म्हणजे मुले ‘हातची जातील’ हे भय धर्माच्या बाबतीत खरे ठरले नाही. गेली ती आजीची भाषा, जिच्याविषयी कोणी भय बाळगलेच नव्हते. आमच्या पत्रलेखिकेच्या सासऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.

सासऱ्यांविषयी आम्हांस आदर आहे. वीस वर्षांच्या वयात घर सोडून भट्टीच्या धगीपाशी आयुष्य काढणे सोपे नाही. परंतु गाव सोडलेल्या माणसाच्या मनात गाव सोडल्या दिवशीचे घड्याळ थांबलेले असते. त्यांचे अमरावतीकडील गाव १९६४ सालचे आहे. तेथे अजून बैलगाड्या आहेत, वडीलधाऱ्यांसमोर कोणी मान वर करीत नाही आणि प्रत्येक मूल पहाटे उठून सबक घेते. आज त्याच गावातील त्यांच्या भावाची नातवंडे मोबाइलवर काय पाहतात, हे त्यांना भिलाईत बसून ठाऊक नाही. परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांतही हाच अनुभव येतो. पुणे केव्हाच बदललेले असते; जुने पुणे जपले जाते ते सातासमुद्रापलीकडच्या दिवाणखान्यात, आणि मुलांनी त्या नसलेल्या पुण्याप्रमाणे वागावे अशी अपेक्षा असते.

धर्मशिक्षणाबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण येथे दोन गोष्टींचा गुंता होतो. धर्माचे काय आणि गावाच्या चालीचे काय, हे एकाच गावात राहणाऱ्यांना वेगळे करून पाहण्याची वेळच येत नाही. भिलाईत ती रोज येते. विदर्भातील आणि उत्तरेकडील मुसलमान बहुधा हनफी पंथाचे. केरळातील आणि आपल्या कोकणातील बहुतेक शाफई. दोघे एका रांगेत नमाजाला उभे राहिले म्हणजे मुलाच्या ध्यानात येते की, शेजारचा मलयाळी मित्र रुकूला जाताना आणि उठताना पुन्हा हात उचलतो, आपण तसे करीत नाही. तो ‘आमीन’ मोठ्याने म्हणतो, आपण मनात. त्याच्या घरी असरची वेळ आपल्याआधी होते. मूल घरी येऊन विचारते, ‘खरे कोणाचे?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. दोन्ही रीती शेकडो वर्षे मान्य झालेल्या आहेत, असे आजोबांनी शांतपणे सांगितले तर मुलाचा धर्मावरील विश्वास वाढतो. ‘गप्प बस, आपले तेच खरे’ असे म्हटले तर त्याचा आजोबांवरील विश्वास कमी होतो. लग्नातील हळदीचेही तसेच. एखाद्या घरात हळद लागते, दुसऱ्या घरात ती वर्ज्य मानतात. वऱ्हाडात आपल्याकडे ही चाल आहे, केरळात निराळ्या चाली आहेत, असे म्हणता येते. मुलीला ओढणी कशी घ्यायची, मोठ्यांना सलाम कसा करायचा, ईदेला शीरखुर्मा करायचा की आणखी काही, यांतले किती धर्माचे, किती मुलखाचे आणि किती केवळ दादीच्या आवडीचे, हे घरातील मोठ्यांनी आधी आपापसांत ठरवावे. सगळ्यावर धर्माचा शिक्का मारला म्हणजे मूल एखादी चाल सोडताना धर्मच सोडला असे समजून बसते आणि विनाकारण अपराधी होते.

मौलवीसाहेबांकडे जाणे चालू राहू द्यावे. कुराणाचे पठण मूल तेथे शिकते. पण अर्थ सांगणारे कोणीतरी घरात हवे, आणि तो अर्थ मुलाला कळणाऱ्या भाषेत हवा. उर्दू लिपीचे काम आजोबांनी स्वतःकडे घ्यावे. रोज दहा मिनिटे नातवंडांना जवळ बसवून अलिफ-बे गिरवून घ्यावे. त्यांना तक्रारीपेक्षा चांगला उद्योग मिळेल आणि नातवंडांना आजोबा मिळतील. इंग्रजीविषयी पतींशी आमचा वाद नाही. ती शाळा शिकवीतच आहे. भिलाईची मुले मोठी होऊन बंगळूर, पुणे, दुबई येथे जातात. कारखान्यातील नोकऱ्या पूर्वीइतक्या राहिलेल्या नाहीत. पण इंग्रजीसाठी घरातली बोली मोकळी करून द्यावी लागते, हा हिशेब कोणत्या वहीत लिहिला आहे? मुलाचे डोके म्हणजे दोन खणांचे कपाट नव्हे, की एक भाषा ठेवायची तर दुसरी काढावी.

या मुलखानेच याचे एक मोठे उदाहरण दिले आहे. भिलाईहून जवळच असलेल्या रायपूरला १ सप्टेंबर १९२३ रोजी एका मुसलमान घरात मूल जन्मले. वडील पेशावरहून आलेले, घरात उर्दू, शाळा रायपूरची, भोवताली छत्तीसगडी. पुढे तो मुलगा नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकला, १९४४ साली तेथून पदवीधर झाला. ते हबीब तन्वीर. कवितेसाठी त्यांनी उर्दू धरली. आपल्या आठवणीही त्यांनी उर्दूतच लिहिल्या. नाटकासाठी मात्र त्यांनी छत्तीसगडच्या खेड्यांतील लोककलावंत गोळा केले. आरंभी हे कलावंत हिंदीत संवाद म्हणत आणि अडखळत. खेड्यातल्या रंगणात वाघासारखे वावरणारे नट नगरातल्या रंगमंचावर का आखडतात, याचा तन्वीरांनी बराच शोध घेतला. १९७० नंतर त्यांच्या ध्यानात आले की, या माणसांना त्यांच्या बोलीत बोलू दिले पाहिजे. ते बोलू लागले आणि नाटक उभे राहिले. १९७५ सालचे ‘चरणदास चोर’ १९८२ साली एडिंबरो येथील महोत्सवात पारितोषिक मिळवून आले, ते छत्तीसगडीत. जी गोष्ट त्या नटांची, तीच आमच्या पत्रलेखिकेची. त्याही परक्या भाषेत संवाद म्हणत आहेत.

हबीब तन्वीर २००९ साली निवर्तले. पेशावर, रायपूर, नागपूर यांपैकी कोणत्या गावचे म्हणून त्यांना ओळखायचे, हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. मुलीला मामेभावंडांनी ज्या छत्तीसगडीवरून चिडविले, तिच्यातच भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाईंनी पंडवानी गायली. त्याही भिलाईच्या कारखान्यात नोकरीस होत्या. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. अकोल्याच्या भावंडांना पुढच्या वेळी एवढे ऐकविण्यास हरकत नाही.

मराठी बाजूचेही एक घर सांगतो. भिलाईहून आगगाडीने पश्चिमेकडे निघाले की दुर्गनंतर राजनांदगाव लागते. तेथील दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवीत असत. मातृभाषा मराठी, आणि कीर्ती हिंदीतील थोर कवी म्हणून. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत कवी आणि कादंबरीकार म्हणून मान्यता पावले. एका आईच्या दोन मुलांनी दोन भाषा निवडल्या. घर त्यामुळे दुभंगले नाही. या तेरा वर्षांच्या मुलाने उद्या हिंदीतच लिहिले-वाचले तरी आईने वाईट वाटून घेऊ नये. त्याला मराठी वाचता येणे कठीण नाही, लिपी तीच आहे. ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे; त्याचा एखादा अंक टेबलावर पडू द्यावा, वाच म्हणून सांगू नये. आणि मराठी ही आपलीही भाषा आहे का, अशी शंका त्याच्या मनात असेल तर त्याला सांगावे की, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी संतांच्या मराठीत ग्रंथ लिहिले. शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गायले. हमीद दलवाईंनी मराठीतच आपली कादंबरी आणि आपले भांडण मांडले. आणि १९९० साली पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते.

आता त्या प्रश्नाकडे वळतो. ‘तुम लोग असल में कहाँ के हो?’ हा प्रश्न मलयाळी मुलालाही विचारला जातो, बंगाली मुलालाही. पण मुसलमान मुलाला तो विचारला जातो तेव्हा त्याला कधीकधी एक निराळी धार असते, हे आपण सर्वजण जाणतो. ते नाकारून काही साधत नाही. म्हणून आईने प्रथम मुलाला हे विचारावे की, त्या मित्राने ते कसे विचारले? कुतूहलाने की खोचून? मुले हा फरक अचूक सांगतात. कुतूहलाने विचारले असेल तर उत्तर सरळ आहे. ‘मी भिलाईचा. माझे दादा १९६४ साली अमरावतीकडून येथे पोलाद बनवायला आले. माझी नानी अकोल्याची.’ इतके पुरे. मुलाने हे तीन वाक्यांत, न अडखळता सांगावे म्हणून त्याला ते घरात अनेकदा ऐकू यायला हवे. आजोबांनी राबून काढलेले रूळ देशभर अंथरले आहेत, कदाचित अकोल्याच्या गाडीखालीही असतील; ही गोष्ट त्याला जरूर सांगावी, पण अभिमान म्हणून. आपण येथले आहोत याचा पुरावा म्हणून ती कोणापुढे ठेवावी, असे त्याला शिकवू नये. तेरा वर्षांच्या मुलाने आपल्या जन्मगावात कोणाला पुरावे देण्याचे कारण नाही.

आणि खोचून विचारले असेल, वारंवार विचारले जात असेल, तर ते एकट्या मुलाने सोसण्याचे काम नव्हे. वडिलांनी शाळेत जाऊन वर्गशिक्षकांना शांतपणे भेटावे; भांडायला नव्हे, कळवायला. घरी मुलाला ‘दुर्लक्ष कर’ असे सांगून वाटेला लावू नये. दुर्लक्ष करण्याचे कसब मोठ्या माणसांनाही पन्नाशीनंतर साधते. विषय बदलणे हे तर त्याहून वाईट, कारण मूल त्यातून एवढेच शिकते की, या प्रश्नात लपविण्यासारखे काहीतरी आहे. आईला त्या दिवशी उत्तर सुचले नाही, यात नवल नाही. उत्तर दुसऱ्या दिवशी देता येते, महिन्याने देता येते. ‘तू मला विचारले होतेस ना,’ म्हणून सुरुवात करावी.

बोली पुन्हा सुरू करायची कशी? तेरा वर्षांचा मुलगा प्रथम हसेल, हे धरून चालावे. कोणतीही घोषणा करू नये. ‘आजपासून घरात आपल्या भाषेत बोलायचे’ असा हुकूम निघाला की ती शाळा झाली आणि एक शाळा त्याला आधीच आहे. स्वयंपाकघरात, भाकर थापताना, कपडे वाळत घालताना आईने आपल्या बोलीत बोलू लागावे. मुलाने हिंदीत उत्तर दिले तर देऊ द्यावे, दुरुस्त करू नये. कान आधी तयार होतात, जीभ नंतर. धाकटी लवकर वळेल. तिच्यासाठी नानीला विश्वासात घ्यावे. फोनवर ‘कशी आहेस, जेवलीस का’ एवढ्यावर लहान मुलाचे बोलणे संपते. त्यापेक्षा नानीनेच तिच्याकडून काही शिकून घ्यावे. छत्तीसगडीत पावसाला काय म्हणतात, गेडी म्हणजे काय, हरेलीच्या सणाला मुले बांबूच्या त्या उंच पायांवर कशी चालतात? विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा करतात; छत्तीसगडात तोच सण ‘पोरा’ म्हणून येतो आणि मुले मातीचे बैल ओढतात. नानीने आपल्या गल्लीत पाहिलेला पोळा सांगावा, नातीने आपल्या गल्लीत पाहिलेला पोरा. ज्या शब्दांवरून तिची थट्टा झाली तेच शब्द नानी कौतुकाने विचारू लागली, म्हणजे ती आतल्या खोलीतून बाहेर येईल असे आम्हांस वाटते.

हे एका महिन्यात घडणार नाही. मध्ये काही दिवस असे जातील की, आपण उगाच हा उद्योग मांडला असे वाटेल.

रूरकेला, दुर्गापूर, बोकारो येथील, तसेच परमुलखात आणि परदेशांत मुले वाढविणारे आमचे वाचक पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी ज्यांनी मध्येच सोडलेली घरची बोली मोठ्या मुलांशी पुन्हा सुरू केली असेल, त्यांनी पहिले काही आठवडे कसे गेले, मुले काय म्हणाली आणि घरातील वडीलधाऱ्यांनी साथ दिली की नाही, हे आम्हांस सविस्तर लिहावे. यश आले नसेल तरीही लिहावे. ती पत्रे भिलाईच्या या भगिनींकडे आम्ही पाठवू.